वायफाय जोडलंय पण नेट नाही? रिसेटची पिन हातात घेण्याआधी हे बघा



"दादा, वायफाय फुल्ल दाखवतंय, पण काहीच उघडत नाहीये." धुळ्याहून, देवपुरातून मामेबहिणीचा फोन आला तेव्हा मी जळगावला जेवायला बसलो होतो. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याआधी हे प्रकरण मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या भागांपुरतं होतं. आमच्या खान्देशात सगळ्यांनाच नवीन. तिला कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे होते आणि शेवटची संध्याकाळ होती. मागून मामांचा आवाज येतच होता, "काय व्हयनं रे भो?"

मी घरातला "कॉम्प्युटरवाला". एक घास तोंडात ठेवूनच सांगितलं, "राउटरच्या मागे बारीक छिद्र आहे बघ, त्यात पिन घालून दहा सेकंद दाब." तिने दाबली. आणि दोन मिनिटांचं काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलं. चूक पूर्णपणे माझी. फॉर्म शेवटी मामांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भरला, म्हणून निभावलं.

खरा बिघाड काय होता ते पुढे सांगतो. आधी मी तिला जे विचारायला हवं होतं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, वायफाय आणि इंटरनेट हे दोन वेगळे रस्ते आहेत. वायफाय म्हणजे तुमचा फोन ते राउटर, बस. राउटरच्या पुढे, खांबावरून, केबलवाल्याच्या ऑफिसातून बाहेरच्या जगात जातो तो रस्ता वेगळा. वायफायच्या चारही कांड्या भरलेल्या दिसल्या म्हणजे फक्त घरातला रस्ता चांगला आहे. मग फोनला कळतं कसं की पुढे नेट नाही? अँड्रॉइड फोन वायफायला जोडला की गुपचूप गूगलच्या एका छोट्या पत्त्यावर विचारणा करतो. तिथून रिकामं उत्तर, २०४ हा कोड, आलं की सगळं ठीक. नाही आलं की वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह येतं आणि "कनेक्टेड, नो इंटरनेट" लिहून येतं. हे दिसलं तर फोनमधलं वायफाय बंद-चालू करत बसू नका, बिघाड बहुतेक पुढच्या रस्त्यावर आहे. याउलट फोन "आयपी अ‍ॅड्रेस घेत आहे" इथेच अडकला, तर गडबड फोन आणि राउटरच्या मधेच आहे. अशा वेळी त्या वायफायवर दाबून "फर्गेट" करा, पासवर्ड टाकून परत जोडा. एकाच फोनला नेट नसेल आणि बाकी सगळ्यांना असेल, तर राउटरला हात लावायचं कामच नाही.

तपासताना मोबाईल डेटा बंद ठेवा हं. नाहीतर फोन हळूच डेटावर जातो आणि आपण "आलं, आलं" म्हणत खूश होतो.

आता दिवे. फायबरचं कनेक्शन असेल तर घरात जो डबा आहे त्याला ओएनटी म्हणतात (काही घरांत ओएनटी आणि राउटर एकच, काहींकडे दोन वेगळे डबे). त्यावर पॉवर, पॉन, एलओएस, इंटरनेट, लॅन, वायफाय असे दिवे असतात. यातले तीन दिवे नीट वाचता आले की अर्धी लढाई जिंकली. एलओएस म्हणजे सिग्नल हरवला. हा लाल दिवा लागला किंवा लुकलुकला, तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये: वायर तुटली, वाकली, निसटली किंवा पलीकडे काहीतरी बंद आहे. या अवस्थेत रिसेट, पासवर्ड, सेटिंग, कशानेही काही होणार नाही. पॉनचा हिरवा दिवा स्थिर असेल तर लाइन चांगली आहे. तो लुकलुकत राहिला तर डबा पलीकडच्या मशीनशी ओळख पटवायचा प्रयत्न करतोय पण जमत नाहीये. आणि पॉन स्थिर, एलओएस बंद, पण इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, तर लाइन ठीक आहे आणि अडचण लॉगिनची, म्हणजे युजरनेम-पासवर्डची किंवा संपलेल्या प्लॅनची.

बहिणीकडे एलओएस लाल होता. मी विचारलंच नाही.

झालं होतं असं की घरात रंगकाम झालं आणि कपाट परत भिंतीला सरकवताना फायबर त्याच्या मागे दाबली गेली. फायबरच्या आत काच असते. प्रकाश ज्या भागातून जातो तो साधारण ९ मायक्रॉन जाड, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. तांब्याची वायर मुरगळली तरी चालते, काच मुरगळली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. म्हणून वाटीच्या तोंडापेक्षा लहान वेटोळं कधी करू नका, खिळ्याला गच्च गाठ मारू नका आणि दाराच्या फटीतून ओढू नका. कपाट सरकवलं, वायर सैल केली, लाल दिवा लगेच गेला. फायबर तुटली नव्हती, नशीब. तुटली असेल तर घरी टेप लावून जुळत नाही, लाइनमन मशीन आणूनच जॉइंट मारतो. आणि डब्यातून निघालेल्या फायबरच्या टोकात डोळा घालून "लाइट येते का" बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आपल्याकडे घराबाहेरची फायबर बऱ्याच ठिकाणी विजेच्या खांबांवरून जाते. उन्हाळ्यातलं वादळ, रस्त्याच्या कामाचा जेसीबी, कापसाने उंच भरलेली गाडी, यातलं काहीही पुरतं. म्हणून लाल दिवा दिसला की शेजाऱ्यांना विचारा. त्यांचंही बंद असेल तर तुमच्या घरात शोधून काही मिळणार नाही.

दिवे सगळे ठीक आहेत तरी नेट येतं-जातं? मग अडॅप्टर आणि उन्हाकडे बघा. हे दोन मुद्दे आपल्या भागात बाकी कशाहीपेक्षा महत्त्वाचे आहेत, असं माझं मत. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो आणि आपण राउटर ठेवतो कुठे? पत्र्याखाली, माळ्यावर, टीव्हीच्या मागे, वर सेटटॉप बॉक्सचं ओझं! दुपारी नेट हळू आणि रात्री बरं, असं रोज होत असेल तर उष्णता हे एक कारण असू शकतं. राउटर उभा ठेवा, भोवती हवा खेळू द्या, पंख्याचा वारा लागला तर उत्तम. अडॅप्टरचं दुखणं आणखी फसवं असतं. लोडशेडिंग आणि व्होल्टेजच्या चढउताराने त्याचं आतलं काम कमजोर होतं, तरी दिवे लागतात. पण लोड आला की राउटर आपोआप बंद होऊन परत सुरू होतो. दुसरा अडॅप्टर लावून बघताना त्यावरचे आकडे जुळवा: व्होल्ट तेवढेच हवेत (१२ व्होल्टच्या जागी ९ चालणार नाही), अँपिअर तेवढे किंवा जास्त. हाताला लागला तो चार्जर खुपसू नका.

रिस्टार्ट करायला काहीच हरकत नाही. स्वीच बंद, अर्धा मिनिट थांबा, चालू, मग दोन-तीन मिनिटं धीर धरा. दोन डबे असतील तर आधी ओएनटी, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. पण रिस्टार्ट आणि रिसेट हे भाऊ-भाऊ नाहीत. रिसेटने राउटर कंपनीतून आला तसा कोरा होतो. आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनमध्ये पीपीपीओई नावाचं लॉगिन लागतं, त्याचं युजरनेम-पासवर्ड नेटवाल्याने राउटरमध्ये भरून ठेवलेलं असतं. पिन दाबली की तेही पुसलं जातं. बहिणीकडे नेमकं हेच झालं. कपाट सरकवून लाल दिवा गेला, पॉन हिरवा झाला, आणि तरीही नेट नाही, कारण लॉगिन मी पुसायला लावलं होतं. रात्री ते कोणाकडून मिळणार?

आतली सेटिंग बघायची असेल तर फोन त्याच वायफायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा (टाइप करताना आकडे इंग्रजी). नेट नसलं तरी हे पान उघडतं, कारण ते राउटरच्याच आत आहे. ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर दिसते: उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मधे असावी. उणे २८, उणे ३० दिसलं तर प्रकाश फार क्षीण आहे, स्क्रीनशॉट काढून लाइनमनला दाखवा. नवीन राउटर स्वतः विकत आणून जोडला आणि नेट येत नाही? काही नेटवाले कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक अ‍ॅड्रेसला बांधून ठेवतात, त्यांना फोन करून बदलून घ्यावं लागतं. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तरी गोंधळ होतो, एकाचा बदला.

एक गंमत. ब्राउझरमध्ये १.१.१.१ टाकून बघा. ते पान उघडलं आणि बाकी साइट उघडत नाहीत, तर नेट आहे, पण नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा रुसली आहे. राउटरमध्ये डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करा. आणि जाहिराती बंद करायला म्हणून फोनच्या "प्रायव्हेट डीएनएस" मध्ये कधीतरी कुठला तरी पत्ता टाकला असेल, तर तो ऑटोमॅटिकवर ठेवा. मित्राच्या फोनवर नेट आहे, आपल्याच फोनवर नाही, याचं हे एक कारण असतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

खांबावर नसलेलं, ५जीवर चालणारं कनेक्शन असेल तर लाल दिव्याची वरची गोष्ट लागू नाही. तिथे बाहेरच्या युनिटची दिशा आणि सिग्नल बघायचा.

तक्रार करायची वेळ आलीच तर "नेट बंद आहे" एवढंच सांगू नका. "एलओएस लाल आहे, शेजाऱ्यांचं चालू आहे" असं सांगितलं की पलीकडचा माणूस तुम्हाला रिस्टार्टच्या पाढ्यात अडकवत नाही. डॉकेट नंबर मागून घ्या, ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तो द्यावाच लागतो. तक्रार मिटली नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि आज नेट चालू आहे तेव्हाच पाच मिनिटं काढा. नेटवाल्याला विचारून पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड, ग्राहक क्रमांक आणि लाइनमनचा नंबर एका कागदावर लिहा, सोबत सगळे दिवे ठीक असताना राउटरचा एक फोटो काढा. तुलना करायला तोच कामी येतो. फोटो फोनमध्येच सेव्ह ठेवा. मामांनी तो फक्त क्लाउडवर टाकला होता, आणि पुढच्या वेळी लाइन गेली तेव्हा क्लाउड उघडायलाच नेट नव्हतं.