तोलेदो नगर आणि तेथील भाषांतरकार

स्पेनच्या मध्यभागीं, ताहो नदीनें तीन बाजूंनीं वेढलेल्या खडकावर तोलेदो हें प्राचीन नगर वसलेलें आहे. सहाव्या शतकांत व्हिसिगॉथ राजांनीं तेथें राजधानी केली. इ. स. ७११ च्या सुमारास तें मुसलमानांच्या हातीं गेलें. ता. २५ मे १०८५ रोजीं कास्तीलचा राजा सहावा आल्फोन्सो यानें तें घेतलें. आणि १५६१ मध्यें दुसऱ्या फिलिपनें दरबार माद्रिद येथें नेल्यावर त्याचें राजकीय वैभव ओसरलें. आज तें कास्तिया-ला मांचा या स्वायत्त प्रदेशाची राजधानी आहे.

हा क्रम वाचून असें वाटतें कीं, प्रत्येक विजेत्यानें पूर्वीचें सर्व पुसून नवा डाव मांडला असावा. परंतु लेख व कागदपत्रें यांची साक्ष निराळी आहे. बाब-अल्-मर्दूम येथील लहानशा मशिदीच्या दर्शनी भिंतीवर विटांनीं रचलेला कूफी लेख असून त्यांत हिजरी सन ३९० (इ. स. ९९९-१०००) दिला आहे. पुढें त्या मशिदीचें ख्रिस्ती मंदिर झालें. लेख मात्र जागच्या जागीं राहिला.

याहूनहि बलवत्तर पुरावा दस्तऐवजांचा. बाराव्या व तेराव्या शतकांतील, हजाराहून अधिक अरबी कागद आन्हेल गोन्सालेस पालेन्सिया यांनीं १९२६ ते १९३० या काळांत प्रसिद्ध केले. विकणारा ख्रिस्ती, घेणाराहि पुष्कळदां ख्रिस्ती धर्माधिकारी, आणि खरेदीखत मात्र अरबींत! राज्य बदलून शंभर वर्षें लोटलीं तरी व्यवहाराची लेखणी बदलली नव्हती.

या द्विभाषी वस्तीमुळेंच तेथें भाषांतराचें मोठें कार्य होऊं शकलें. इटलींतील क्रेमोना येथील जेरार्ड हा पंडित टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा ग्रंथ शोधीत तोलेदोस आला, अरबी शिकला व तेथेंच राहिला. ११७५ मध्यें त्याचें भाषांतर पुरें झालें. तो ११८७ त वारला. त्याच्या शिष्यांनीं केलेल्या यादींत सत्तरांच्या आसपास ग्रंथ आढळतात. कांहीं भाषांतरें दोघांनीं मिळून केलेलीं असत: एकानें अरबी वाक्याचा अर्थ लोकभाषेंत सांगावा, दुसऱ्यानें तो लॅटिनमध्यें लिहावा.

संस्कृतज्ञांस या परंपरेंत आपलेंहि धन सांपडतें. इ. स. ७७० नंतर लवकरच एक संस्कृत सिद्धान्तग्रंथ बगदाद येथें पोंचला व त्यावरून अरबी ‘सिंदहिंद’ झाला. त्याच्या आधारें अल्-ख्वारिझ्मीनें कोष्टकें रचलीं, व त्यांतील कांहीं भाग अकराव्या शतकांतील तोलेदोच्या ज्योतिषकोष्टकांत उतरला. आपली ‘जीवा’ अरबींत ‘जीबा’ झाली. स्वरचिन्हांवांचून लिहिलेला तो शब्द पुढें ‘जैब’ असा वाचला गेला, म्हणजे वस्त्राची घडी. आणि लॅटिन भाषांतरकारांनीं घडी या अर्थाचा ‘सायनस’ शब्द योजला. गणितांतील ‘साइन’ तो हाच. तसेंच अरबी ‘उझैन’ म्हणजे उज्जयिनी. त्यांतील एक नुक्ता गळतांच ‘झ’चा ‘र’ झाला, आणि लॅटिन ग्रंथांत पृथ्वीच्या मध्यावर ‘आरीन’ नांवाचें नगर अवतरलें.

तोलेदोच्या त्या कोष्टकांचें मूळ अरबी पुस्तक आज उपलब्ध नाहीं. लॅटिन प्रती शंभराहून अधिक आहेत. मूळ नाहींसें झाल्यावर नकलाच प्रमाण होतात, आणि त्या नकला कोणत्या मार्गानें आल्या हें त्यांतील अपपाठच सांगतात. एखाद्या दक्ष लेखकानें ‘आरीन’ शब्द मुकाट्यानें सुधारला असता, तर उज्जयिनीची अक्षरें अरबी लिपींतून गेल्याची ही खूण पुसली गेली असती. पोथी छापतांना शुद्ध पाठ वर द्यावा हें योग्यच. परंतु अशुद्ध पाठ तळटीपेंत राखणें हें संपादकाचें तितकेंच आवश्यक कर्तव्य होय.