लपवलेला धर्म आणि मराठीतली पहिली कादंबरी

बाबा पद्मनजींचे नाव मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एका ओळीपुरते माहीत असते. ‘यमुनापर्यटन’, १८५७, पहिली मराठी कादंबरी. परीक्षेत एक गुण मिळतो आणि विषय संपतो. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी अनेकदा विचारले आहे की या यमुनेचे पुढे काय झाले. उत्तर येत नाही. कादंबरी वाचलेली नसते, यात मुलांचा दोष नाही. ती वाचावी असे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

न सांगण्याचे कारण उघड आहे. या कादंबरीचा लेखक धर्मांतरित ख्रिस्ती होता आणि कादंबरीच्या शेवटी नायिका ख्रिस्ती होते. आपल्या वाङ्मयेतिहासाने या अडचणीतून दोन वाटा काढल्या. काहींनी तिला ‘विधवांच्या दुःखाला वाचा फोडणारी सामाजिक कादंबरी’ म्हणून गौरवले आणि धर्माचा भाग चिमट्याने बाजूला ठेवला. काहींनी ती मिशनऱ्यांची प्रचारपुस्तिका ठरवून मिटून टाकली. कुसुमावती देशपांडे यांनी ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’मध्ये आणि भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रेरणांविषयीच्या निबंधात तिला गांभीर्याने घेतले, हे खरे. ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन कादंबऱ्यांपासून तीन प्रवाह निघाले, ही नेमाड्यांची मांडणी प्रसिद्धच आहे. वास्तवाचा प्रवाह त्यांनी यमुनेच्या पदरात टाकला. तरी लेखकाच्या श्रद्धेचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. माझे म्हणणे असे की ही श्रद्धा काढून घेतली तर कादंबरीचा कणाच निघतो. कारण ती जितकी विधवांविषयी आहे तितकीच लपवलेल्या श्रद्धेविषयी आहे, आणि तो अनुभव बाबांचा स्वतःचा होता.

बाबांचा जन्म १८३१ सालचा, बेळगावचा. जात त्वष्टा कासार, वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत. कासार म्हटले की आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी आणि बांगड्या डोळ्यांपुढे येतात, आणि विधवेची पहिली ओळख म्हणजे तिचे रिकामे हात. या योगाचा मोह मलाही होतो. पण बाबांचे घर नोकरीपेशाचे होते, दुकानाचे नव्हे. त्यामुळे या योगावर सिद्धान्त उभारण्यात अर्थ नाही. त्यांच्या लहानपणातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हा मुलगा कर्मठ म्हणावा इतका भाविक होता. पूजा, व्रते, पोथ्या यांत रमणारा. पुढे १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळे तपशिलाने सांगितले आहे. तेथे उपहास थोडा आणि आठवण जास्त आहे. ज्याने देवपूजा मनापासून केली आहे त्यालाच ती सोडताना काय तुटते हे कळते. बाबांना ते कळत होते.

बेळगावच्या मिशनशाळेतून ते मुंबईला आले आणि एल्फिन्स्टन व नंतर फ्री चर्चच्या विद्यालयात शिकले. तो काळ समजून घेतला नाही तर पुढचे कळणार नाही. १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्याला न्यायालयाने कुटुंबाच्या हवाली केले. मग या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्यात वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली, म्हणून सनातन्यांचा राग त्यांच्यावरही निघाला. एका पोराने ख्रिस्त्यांच्या घरी अन्न खाल्ले होते, एवढीच ती गोष्ट. १८५०च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला खरा, पण कायदा वाटणीपुरता. चुलीपाशी बसू देणे त्याच्या हातात नव्हते.

या भीतीतूनच परमहंस सभा जन्माला आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या प्रेरणेने आणि रामचंद्र बाळकृष्णांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत चालणारी ही गुप्त मंडळी. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, एकच ईश्वर मानावा असे तिचे विचार होते. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, हा तिचा विधी सांगितला जातो. पाव खायचा तो दार लावून. बाहेर आल्यावर प्रत्येकजण आपापल्या जातीचा. जोवर सगळ्या देशभर सभासदांची पुरेशी संख्या होत नाही तोवर गुप्तता राखायची, असा विचार होता. तरुण बाबा या सभेत होते.

आज त्या सभेला हसणे सोपे आहे, मी हसत नाही. बंद दारामागे का होईना, जात मोडण्याची हिंमत त्या लोकांनी केली. पण बाबांना तेवढ्यावर समाधान मिळेना. रात्री एक माणूस आणि सकाळी दुसरा, असे किती दिवस राहायचे? त्यांचा स्वभाव तर्काने पटले की थांबणारा नव्हता. पटलेली गोष्ट जगली पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. ख्रिस्ती शास्त्राचा अभ्यास आधीच चालू होता. १८५४च्या सप्टेंबरात बेळगावला, म्हणजे जिथे सगळे ओळखत होते त्याच गावी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय तेवीस. मुंबईच्या गर्दीत ही गोष्ट अधिक सोपी झाली असती.

त्यानंतर तीन वर्षांनी ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे पुस्तक आले. आदल्याच वर्षी, जुलै १८५६मध्ये, ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने विधवाविवाहाचा कायदा झाला होता. १८५७च्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. त्याच वर्षी उत्तरेत बंड पेटले. असा तो काळ, आणि त्यात एक जोडपे प्रवासाला निघते.

यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली आहे. तिचा नवरा विनायकराव समंजस, वाचणारा, बायकोशी बरोबरीने बोलणारा. मराठी कादंबरीतले हे पहिले नवरा-बायको एकमेकांशी विचारविनिमय करतात, याचे मला अजूनही नवल वाटते. दोघांचे मन ख्रिस्ती धर्माकडे वळले आहे, पण घरात, जातीत ते उघड झालेले नाही. घरच्यांच्या पाठीमागे प्रार्थना चालते. प्रवासात गावोगाव त्यांना विधवा भेटतात. कुणाचे केशवपन बळजबरीने झालेले, कुणी घरात मोलकरणीसारखी राबणारी, कुणी फसवली गेलेली. प्रत्येकीची कहाणी ऐकायची आणि पुढे निघायचे. पुढे विनायकरावाला अपघात होतो. मृत्यूच्या दाराशी त्याची श्रद्धा उघड होते. यमुना स्वतः विधवा होते आणि आजवर जे ऐकले ते आता तिच्यावर येते. सासरचे लोक तिच्या केसांवर उठतात. ती त्यातून सुटते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

प्रवासाची ही चौकट कुठून आली? जॉन बनियनच्या रूपककथेचे मराठी भाषांतर, हरि केशवजींचे ‘यात्रिकक्रमण’, १८४१ सालीच छापले गेले होते. बंगालीत हॅना मलेन्स या बाईंची ‘फुलमणी आणि करुणा’ ही ख्रिस्ती कथा १८५२ची. मिशनच्या वर्तुळातल्या माणसाला हे नमुने परके नव्हते. पण बनियनचा यात्रिक स्वर्गाकडे निघालेला असतो. यमुना निघते ती सातारा-पंढरपूरच्या मुलखात, धर्मशाळांतून, लोकांच्या ओसऱ्यांवरून. वाटेत भेटणाऱ्या बायका सद्गुण-दुर्गुणांची रूपके नाहीत. कथेचा पोशाख कल्पित असला तरी आतल्या हकिकती खऱ्या आहेत, अशी बाबांची भूमिका होती, आणि वाचताना ती पटते.

दोषही सांगितले पाहिजेत. बाबांमधला उपदेशक वारंवार मध्ये येतो. संवाद लांबतात, दोघे बोलता बोलता प्रश्नोत्तराच्या पुस्तकासारखे बोलू लागतात. हिंदू राहूनच सुधारणा करू पाहणाऱ्या माणसाला या कादंबरीत पुरेशी जागा नाही. विष्णुशास्त्री पंडितांसारख्या माणसांनी पुढे विधवाविवाहासाठी जे सोसले, ते बाबांच्या चौकटीत बसले नसते. असे असूनही एक गोष्ट मला दर वाचनात जाणवते. एखादी विधवा बोलायला लागली की उपदेशक गप्प बसतो. तिची भाषा घरातली आहे. ‘मिशनरी मराठी’ म्हणून ज्या भाषेची टिंगल होते ती तिथे नाही. हा लेखक पुढे मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती (१८६३) करणारा आणि ‘शब्दरत्नावली’ (१८६०) रचणारा आहे, म्हणजे बोलीकडे त्याचा कान होता.

गंगाखेड आमच्या परभणी जिल्ह्यातले, जनाबाईंचे गाव. तिथे गोदावरीच्या घाटावर लाल आलवण नेसलेल्या एक-दोन म्हाताऱ्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. डोक्यावरचा पदर घसरला की त्या चटकन सावरत. मोठी माणसे आम्हा पोरांना तिकडे बघू देत नसत, अपशकुन म्हणून. ‘यमुनापर्यटन’ मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वयाची चाळिशी जवळ आली होती. दिवसा दुकान आणि रात्री वाचन, असा माझा अभ्यास. कुणी सांगितलेल्या क्रमाने मी काही वाचलेले नाही. पुस्तकातल्या विधवा वाचताना मला त्या म्हाताऱ्यांचे वय मोजावेसे वाटले. पुस्तक निघाले तेव्हा त्या जन्मल्याही नव्हत्या. कायदा होऊन शंभराहून अधिक वर्षे उलटल्यावर त्या घाटावर बसल्या होत्या.

बाबांची श्रद्धा आणि बाबांची करुणा इथे एक होतात, असे मला वाटते. कायद्याने विधवेला लग्नाची परवानगी दिली. पण घरातून बाहेर पडलेली बाई रात्री कुणाच्या दारात जाणार? याचे उत्तर परवानगीत नव्हते. जात हेच घर असलेल्या समाजात जात सोडणाऱ्याला दुसरे घर लागते. बाबांना ते ख्रिस्ती मंडळीत मिळाले होते, म्हणून त्यांनी यमुनेलाही तेच दिले. आपल्याला ते उत्तर मान्य असो वा नसो, त्यांनी विचारलेला प्रश्न ओढूनताणून आणलेला नव्हता. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला आश्रम उभारला तो याच प्रश्नाच्या उत्तरासाठी.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ची नायिकाही यमुनाच. घरातली यमू. तिलाही वैधव्य येते आणि तिचे केशवपन बळजबरीने होते. १८५७च्या यमुनेला लेखकाने सोडवले. नव्वदीच्या दशकातली यमू सुटत नाही. हरिभाऊंनी नाव जाणूनबुजून घेतले असे मी म्हणणार नाही, त्या काळी यमुना घरोघरी होत्या. पण दोन्ही पुस्तके एकामागून एक वाचून पाहावीत. कलेच्या दृष्टीने हरिभाऊ कितीतरी पुढे आहेत. मात्र त्यांच्या यमूपुढे दार नाही, कारण हरिभाऊंना आपल्या समाजातच राहून लिहायचे होते आणि तिथे त्यांना दार दिसत नव्हते. ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले.

बाबांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगता येते. पुण्याच्या फ्री चर्चचे ते पाळक झाले, नंतर ते काम सोडून मुंबईत पूर्णवेळ लेखन-संपादनाकडे वळले. ‘सत्यदीपिका’, ‘ज्ञानोदय’ अशा नियतकालिकांचे संपादन, नव्या करारावरची टीका, इतिहास, निबंध, कोश मिळून शंभराच्या वर लहानमोठी पुस्तके. यांतले पुष्कळसे आज वाचवत नाही, हेही खरे. ज्यांच्या प्रकरणाने मुंबई हादरली होती ते नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात आले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. जालना आणि परभणी एकाच रेल्वेमार्गावर. उर्दूच्या अमलाखाली मराठी अक्षर दुर्मिळ असलेल्या आमच्या भागात ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांची ती पिढी इतक्या जवळ येऊन राहिली होती, याची आमच्याकडच्या वाचणाऱ्या माणसांनाही फारशी कल्पना नसते.

१९०६ साली, पंचाहत्तराव्या वर्षी, मुंबईत बाबा वारले. परमहंस सभा त्याच्या कितीतरी आधी, १८६०च्या सुमाराला विस्कटली होती. सभासदांची नावे असलेली कागदपत्रे चोरीला गेली आणि नावे फुटतील या धास्तीने मंडळी पांगली. गुप्तता इतकी कडक होती की सभेचा इतिहास लिहायचा तर साधने मिळेनात. अ. का. प्रियोळकरांनी १९६६ साली परमहंस सभेवर पुस्तक काढले, तोवर शंभर वर्षे लोटली होती. त्या बंद दारामागे काय चालत असे हे आतल्या माणसाने सांगितलेले मोजकेच उपलब्ध आहे. त्यातला महत्त्वाचा भाग ‘अरुणोदय’मध्ये आहे. तो सभा सोडून गेलेल्या सभासदाने आपल्या नावानिशी छापला.