चतुःसीमेतील शेजार

घराच्या जुन्या खरेदीखतात किंमत, तारीख आणि साक्षीदार यांच्याइतकाच महत्त्वाचा एक भाग असतो, तो म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमक्याची वाडी, उत्तरेस विहिरीकडे जाणारी पायवाट, अशा चार दिशा लिहिल्यावाचून मिळकतीची ओळख पुरी होत नाही. घर विकणारा स्वतःची मालमत्ता विकत असतो. पण ती कोणती हे सांगण्यासाठी त्याला शेजाऱ्यांचीच नावे घ्यावी लागतात. त्याचे स्वतःचे नावही त्याच न्यायाने शेजाऱ्यांच्या कागदांत गेलेले असते. घर विकणे हा खाजगी व्यवहार आहे, असे आपण समजतो. दस्तऐवज मात्र वेगळे सांगतो.

रायगडच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरून बेने इस्रायल समाज निघून गेला, त्याची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती बहुधा धर्माची कथा म्हणून सांगितली जाते : दोन हजार वर्षांनी पुण्यभूमीची हाक आली आणि एक समाज उठून गेला. त्यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु जाण्याआधी घरे विकावी लागली. ती कोणत्या काळात, कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत विकली गेली, हा प्रश्न धर्माच्या कथेत येत नाही.

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांनी तेलाच्या घाण्याचा धंदा पत्करला. शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले आहे, हे लक्षात घेण्याजोगे. त्यात हेटाळणी नाही. आज घाण्यावर गेलात तर तेल मिळणार नाही, एवढी व्यवहारातली माहिती आहे. ज्या गावात राहिले त्याचेच नाव या लोकांनी आडनाव म्हणून घेतले. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, तळ्याचे तळकर, नागावचे नागावकर. प्रार्थनामंदिराला ते मराठीत ‘मशीद’ म्हणत. अलिबागेत त्यांच्या वस्तीची इस्रायल आळी झाली. तेथील प्रार्थनामंदिर १८४८ सालचे, पनवेलचे १८४९ चे, पेणचे १८६३ चे. हाइम सॅम्युएल किहीमकरांनी या समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केला. तो ग्रंथ छापला गेला १९३७ साली आणि तोही तेल अवीवमध्ये, हा योगायोग पुढच्या घटनांची जणू सूचनाच होती.

गाव सुटण्याची सुरुवात मात्र इस्रायलच्या स्थापनेपूर्वी फार आधी झाली होती. मुंबईतले या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधले. लष्कर, रेल्वे, इस्पितळे, सरकारी कचेऱ्या यांत शिकलेली पिढी शिरली. गिरण्यांच्या तेलापुढे लाकडी घाण्याचा टिकाव लागेना, तसे गावातले उत्पन्न आटत गेले. मुंबईत नोकरी आणि गावात घर, ही कोकणातल्या इतर जातींची जी रीत, तीच यांची झाली. सणाला, लग्नाला, आंब्याच्या दिवसांत गावी यायचे. एरवी कुलपाची किल्ली शेजाऱ्याकडे. पडवीत पाणी शिरले, माडाची झावळी कौलांवर पडली, तर बघणारा तोच.

१९३० नंतरचा काळ या सबंध किनाऱ्याला कठीण गेला. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. खोतांच्या वाट्याखाली पिचलेल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चरी आणि भोवतालच्या गावांत संप केला, शेते ओसाड ठेवली, पण खोताच्या अटींवर नांगर धरला नाही. त्यामागोमाग महायुद्ध आले, धान्याचे रेशनिंग आले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्यानेच तिचे खरेदीदार मानले गेले. हा कायदा न्याय्य होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्याचा एक परिणाम फारसा नोंदला जात नाही. मुंबईत कारकुनी करणाऱ्या ज्या कुटुंबांची थोडीशी भातखाचरे शेजारी कसत होते, ती शेजाऱ्यांची झाली. त्यात ब्राह्मण होते, प्रभू होते आणि बेने इस्रायलही होते. गावाशी बांधून ठेवणारे भाताचे वार्षिक येणे संपले. उरले गावठाणातले घर, त्याची घरपट्टी आणि दर पावसाळ्याआधी करावी लागणारी शाकारणी.

नेमक्या याच सुमारास इस्रायलला जाण्याचा मार्ग मोकळा झाला होता. १९४८ मध्ये ते राष्ट्र जन्माला आले, १९५० साली तेथे परतीचा कायदा झाला. इंग्रज गेल्यावर आपल्या नोकऱ्यांचे काय, ही धास्ती होतीच. जो जाणार त्याने गावातले घर ठेवून काय करायचे? आणि ते घेणार कोण? मुंबईचा धनिक तेव्हा अलिबागेस बंगला शोधत नव्हता. घेणारा बहुधा शेजारीच असणार आणि त्याची ऐपतही त्याच मंदीतून, त्याच रेशनिंगमधून निघालेली. एका आळीतली अनेक घरे थोड्या वर्षांत विक्रीस निघाली, तर भाव पडणारच. त्यासाठी कोणी कोणास फसवावे लागत नाही. शिवाय हाती आलेला पैसा नेणेही सोपे नव्हते. परकी चलनावर १९४७ च्या कायद्याचे निर्बंध होते आणि १९५७ नंतरच्या टंचाईत ते अधिकच आवळले गेले. कौलारू घराची किंमत रुपयांत आली, तरी परदेशात तिचे फारसे काही होणार नव्हते.

या व्यवहारात एक धर्मनियम पाळावा लागे. यहुदी घराच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा असतो, म्हणजे धर्मवचने लिहिलेल्या चर्मपत्राची लहानशी डबी. घर दुसऱ्या यहुद्यास दिले तर ती तशीच राहू द्यायची. परधर्मीयास दिले तर काढून न्यायची. पिढ्यान् पिढ्या ज्याच्याकडे किल्ली ठेवली, त्याच शेजाऱ्याला घर देतानाही चौकटीचे खिळे उपटावे लागत. खरेदीखतात याचा उल्लेख येण्याचे कारण नाही.

जे गेले त्यांना तिकडेही टंचाईच भेटली. १९४९ पासून इस्रायलमध्ये काटकसरीचे धोरण आणि रेशनिंग होते. नव्या लोकांना तात्पुरत्या छावण्यांत किंवा बीरशेबासारख्या वाळवंटाकाठच्या गावांत पाठवले जाई. काम, घर आणि वर्णावरून मिळणारी वागणूक यांच्या तक्रारी घेऊन काही बेने इस्रायलांनी १९५१ च्या अखेरीस ठिय्या दिला आणि आम्हांला भारतात परत पाठवा, अशी मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसे विमानाने मुंबईस परत आली. पण परत म्हणजे कोठे? देश तोच होता, भाषा तीच होती. निघताना ज्यांनी घर मोडले होते, त्यांना मात्र उतरायला ओटी उरली नव्हती. पुढे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी पुन्हा इस्रायलला जाण्याची खटपट केली, याचे आश्चर्य वाटत नाही. तेथे तर त्यांच्या यहुदीपणावरच धर्मपीठाने शंका घेतली आणि लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी होऊ लागली. त्याविरुद्ध झगडल्यावर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदीच आहेत, असा निर्वाळा दिला. कोकणात ज्यांच्या शनिवाराबद्दल कोणी शंका घेतली नव्हती, त्यांना तो तेथे सिद्ध करावा लागला.

घर विकण्याचा परिणाम मागे राहिलेल्यांवरही झाला आणि तो कदाचित अधिक कठोर होता. यहुदी सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. आळीत बारा घरे असताना दोन गेली, तर प्रार्थना चालू राहते. तिसऱ्या घरी कर्ता पुरुष एकच असेल आणि तेही घर उठले, तर ती थांबते. म्हणजे एका कुटुंबाच्या खरेदीखतावर मशिदीचे भवितव्य ठरे, आणि उरलेल्यांना वाटू लागे की आता आपणही निघावे. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात यहुदी साडेचार हजारांच्या आसपास भरले. १९५० च्या आगेमागे एकट्या बेने इस्रायलांचीच संख्या वीस हजारांच्या घरात होती. महाराष्ट्र शासनाने या समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली.

या घालमेलीवरची एक महत्त्वाची कादंबरी ‘अपना घर’ या नावाने १९६१ मध्ये आली. लेखिका मीरा महादेवन, माहेरच्या बेने इस्रायल. इस्रायलला जावे की येथेच राहावे, या प्रश्नाने दुभंगलेल्या कुटुंबाची ती कथा आहे. मात्र ती हिंदीत लिहिली गेली. मराठीच्या अध्यापकाला याची चुटपुट लागते. ज्यांची आडनावे आपल्या तालुक्यांची यादी आहे आणि ज्यांनी इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले, त्यांच्या घराची गोष्ट आपण मराठीत किती आस्थेने वाचली?

आज त्याच किनाऱ्यावर पुन्हा घरे आणि वाड्या विकल्या जात आहेत. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो बोट आली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि किहीम, नागाव, आवास या गावांतल्या जमिनीला मोठी किंमत आली. या वेळी विकणारा फार दूर जात नाही. पुष्कळदा तो त्याच गावात, मागच्या अंगाला राहतो. पण घेणारा शनिवार-रविवारपुरता येतो, उंच कुंपण घालतो आणि किल्ली सुरक्षारक्षकाकडे ठेवतो. मुलीच्या लग्नासाठी वा कर्जापायी वाडी विकणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. १९५० मधल्या शनिवार तेल्यालाही आपण तो देत नाही. ज्याची गरज त्याला ठाऊक. फक्त व्यवहार करताना दोघांनी चतुःसीमेचा रकाना एकदा सावकाश वाचावा. त्यातल्या चार नावांना आपण काही विचारलेले नसते, आणि उद्यापासून त्यांच्याही घराचा पत्ता थोडा बदललेला असतो.