सिंहगडावरचा टीव्ही टॉवर आणि इसामीची नोंद

पुण्यात कुणी दुरून सिंहगड दाखवला, की आधी नजरेस पडतो तो माथ्यावरचा टीव्ही टॉवर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्याचे कार्यक्रम पुणेकरांपर्यंत पोचवण्यासाठी पुढच्याच वर्षी गडावर प्रक्षेपण केंद्र आलं. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीची ही जागा सोयीची ठरली.

आम्हा मनमाडकरांना दौंडमार्गे पुणं सोपं पडतं. सवड मिळाली की मी गडावर जातो. टॉवर पर्यटकांसाठी नाही, पण त्यावाचून काही अडतही नाही. कड्यावर उभं राहिलं तरी एका बाजूला खडकवासल्याचं पाणी आणि पुणे शहर, दुसऱ्या बाजूला राजगड-तोरणा दिसतात. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनाही हा डोंगर याच उंचीसाठी हवा होता.

गडाचा इतिहास मात्र बऱ्याचदा ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ असाच ऐकवला जातो. १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी इथं प्राण दिले, त्याचा अभिमान आपल्यालाही आहे. पण मुघलांच्या बाजूने लढताना पडलेला किल्लेदार उदयभान राजपूत होता. १६६५ च्या पुरंदर तहात शिवरायांकडून हा गड मुघलांसाठी घेणारे मिर्झाराजे जयसिंगही राजपूतच. लढाई सत्तेची होती, मजहबची नव्हे.

आणखी मागे जाऊ. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने या कोंढाण्याला वेढा घातला, तेव्हा कोळी सरदार नाग नायकाने तो आठ महिने झुंजवला. ही हकीकत लिहून ठेवली फारसी कवी इसामीने, १३५० मध्ये पुऱ्या केलेल्या ‘फुतूह-उस-सलातीन’मध्ये. तुघलकाच्या हुकमाने दिल्लीहून दौलताबादला यावं लागलेल्यांपैकी तो एक. त्या प्रवासात त्याचे वृद्ध आजोबा वारले. सुलतानाविषयीचा राग त्याने ग्रंथात लपवला नाही.

उर्दूच्या तासाला मुलं विचारतात, “सर, गडकिल्ल्यांशी आपला काय संबंध?” मी त्यांना इसामीबद्दल सांगतो. एका कोळी सरदाराची झुंज एका मुसलमान कवीने फारसीत नोंदवली, म्हणून आज आपल्याला नाग नायक ठाऊक आहे. सहलीला गडावर गेलात, तर तानाजींच्या समाधीपाशी हे नावही मुलांना जरूर सांगा.