माशाला आपण किती लांबून दिसतो?

“उभा राहू नकोस, आधी खाली बस.” उल्हास नदीच्या काठावर मामाने मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. गळाला गांडूळ कसं लावायचं, ते नंतर. बदलापूरच्या बॅरेजच्या वरच्या अंगाला आम्ही रविवारी बसायचो. मामाची बोलण्याला कधीच हरकत नसायची; क्रिकेटपासून भावकीच्या भांडणांपर्यंत सगळं मोठ्या आवाजात चालायचं. पण कुणी धपाधपा पाय आपटत आलं की तो वैतागायचा. “झालं! गेले सगळे.” बोललेलं चालतं आणि चाललेलं चालत नाही, हा प्रकार मला तेव्हा मामाचा विक्षिप्तपणा वाटायचा.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात त्याचा उलगडा झाला. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्याची ऊर्जा जवळजवळ सगळीच्या सगळी माघारी फिरते. हजारातला एखादा भाग आत शिरतो. पावलाचा दणका मात्र जमिनीतून थेट पाण्यात उतरतो आणि तिथे सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने पसरतो. खाली बसण्याचं कारणही तसंच साधं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे पाण्याबाहेरचं सगळं जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तिचा कोन साधारण ९७ अंशांचा. काठावर बसलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला चेपला जातो. उभा राहिलेला माणूस तिच्यात वर चढतो. उलट आपल्यालाही मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, म्हणून काठावरून भाला मारणारा दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरतो. दोघांच्या मध्ये तेच पाणी, आणि दोघांनाही ते फसवतं.

माशाकडे यापलीकडेही बरंच आहे. अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. जवळपासच्या पाण्याची हालचाल तिला कळते. रोहू, खवल्या, शिंगटी अशा गोड्या पाण्यातल्या माशांच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८२० साली तिचं वर्णन केलं. या साखळीमुळे त्यांचं ऐकणं इतर बऱ्याच माशांपेक्षा तीक्ष्ण असतं. आणि १९३८ साली कार्ल फॉन फ्रिश यांना आढळलं की कळपातल्या एका माशाची कातडी फाटली तर तिच्यातून पाण्यात काहीतरी मिसळतं आणि बाकीचा कळप घाबरून पांगतो. मधमाश्यांच्या नाचामुळे जगाला माहीत झालेला हाच तो माणूस. म्हणजे एक वार नुसता एका माशावर होत नाही. त्याची बातमी पाण्यातून जाते.

पण ही सगळी झाली यंत्रणा. धोका दिसल्यावर मासा पळेल, हे तिच्यावरून कळतं. *किती लांबून* पळेल, हे कळत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर सगळीकडे सारखाच आहे, उंबरठ्याचा आकडा जागोजागी वेगळा आहे. तो आकडा कोण लिहितं?

पालघर जिल्ह्यात, वाड्याजवळ तिळसे नावाचं गाव आहे. वैतरणेच्या काठी तिळसेश्वर महादेवाचं देऊळ, आणि देवळापाशी नदीच्या पात्रात मासे. देवाचे मासे, त्यांना कुणी मारत नाही. मी कॉलेजात असताना गेलो होतो. सवयीने आधी खाली बसलो, तर शेजारच्या आजी हसल्या. “पळत न्हाईत ते. टाक खायाला.” चुरमुरे पाण्यावर पडताच तोंडंच तोंडं वर आली. काठावर पोरं नाचत होती, घंटा वाजत होती, एकही मासा हलायला तयार नव्हता. रायगड जिल्ह्यात महाडकडे काळ नदीवरच्या वाळण कोंडीतही असंच, तिथे वरदायिनी देवीचं राखण आहे. अशा जागा सोडून नदी पुढे गेली की गळ, पाग आणि जाळी सुरू होतात, आणि तिथला मासा तुमची सावलीसुद्धा सहन करत नाही.

समुद्रात ही गोष्ट लोकांनी चक्क मोजली आहे. १९३०च्या दशकात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर पाणचष्मा आणि भाला घेऊन बुडी मारण्याचा शौक पसरला. आज संशोधक बुडी मारून माशाच्या दिशेने संथपणे पोहत जातात आणि तो किती अंतरावर पळाला ते टेपने मोजतात. पापुआ न्यू गिनीतल्या प्रवाळांवर, जिथे भाल्याने मासेमारी चालते तिथे, हे अंतर राखीव जागेपेक्षा जास्त भरलं. फिलिपिन्समधल्या पाहणीत तर असं दिसलं की राखीव जागेची हद्द ओलांडून थोडं बाहेर आलेले मासेही भोळेच असतात. (कोळ्यांच्या दृष्टीने हा फायदाच!) भूमध्य समुद्रातल्या काही जाती तर बुडी मारणाऱ्याच्या हातात भाला आहे की नाही, याचाही हिशेब ठेवतात. हे वाचलं तेव्हा मी मामाला फोन केला. तो म्हणाला, “मग? त्यांना काय अक्कल नसते का?”

माशाने ठेवलेलं हे अंतर म्हणजे आपलीच नोंदवही आहे, असं मला वाटतं. आपण काय केलं, ते त्यात उतरलेलं असतं.

ही नोंदवही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. कुठला मासा, त्याला काय खायला घालायचं, दोरी कशी, आमिष कसं, असा तो सगळा तपशील. त्याला गळाने मासे पकडण्याचं शास्त्रच म्हणता येईल. मला त्यातलं खायला घालणं महत्त्वाचं वाटतं. तिळशात आजी जे करतात तेच राजाही करतो, माशाची भीती मोडतो. पुढे काय होतं, एवढाच फरक.

भीती मोडायला निसर्गही मदत करतो. आमच्याकडे पहिल्या मोठ्या पावसात वलगण लागते. अंडी घालायला मासे प्रवाहाच्या उलट, ओहोळातून थेट भातखाचरांत चढतात. पाणी गढूळ, काही दिसत नाही, आणि अंगात घाई. वर्षभराची सावधगिरी एका रात्रीत गळून पडते. बदलापूर-कर्जतच्या गावांत त्या रात्री लोक बॅटऱ्या, काठ्या, कोयते घेऊन बाहेर पडतात. मीही पडलोय. घोट्याएवढ्या पाण्यात, अंड्यांनी फुगलेला मासा पायाला घासून जात असताना त्याच्यावर काठी मारायला काही कौशल्य लागत नाही. चव मात्र, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या कुठल्या माशाला नाही.

ज्याच्यापुढे सावधगिरी कामालाच येत नाही असं हत्यारही माणसाने शोधलं. गेळफळ कुटून डोहात टाकलं की मासे गुंगतात, ही जुनी रीत. सुरुंग आला तेव्हा तर डोहच्या डोह उपसल्यासारखे रिकामे होऊ लागले. फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली भारत आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर अहवाल लिहिला. त्यात मासळीच्या नासाडीची तक्रार होती. १८९७ साली कायदा झाला, आणि स्फोटकं व विष वापरून मासे मारणं गुन्हा ठरलं. पाणचष्म्यातून येणाऱ्या माणसाला मासा ओळखायला शिकतो. विषाला ओळखायला शिकणारा मासा उरत नाही.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं, ‘मानसोल्लास’च्याही आधीचं. त्याला लागून वालधुनी वाहते. तिथून ती उल्हासनगरात शिरते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचं हे शहर, १९४९ साली नाव मिळालेलं. मग कारखाने आले, रंग आला, वास आला. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल दंड ठोठावला. लोकलमधून जाताना आम्ही नाकाला रुमाल लावतो, आणि बहुतेकांना वाटतं तो नाला आहे.

गेल्या वर्षी मामा महाशिवरात्रीला माझ्याबरोबर अंबरनाथला आला. दर्शन झाल्यावर आम्ही देवळामागे नदीकडे गेलो. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. खाली बसला नाही.