दोन चुली, एक प्रार्थना: टिळक नवरा-बायकोची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय ना' बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.

सुरुवात एका फ्रिजपासून करतो. माझं लग्न ठरलंय. ती नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली, मी हिंदू घरातला. पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा होणाऱ्या सासूबाई चहा टाकत होत्या आणि मी उगाच इकडेतिकडे बघत होतो. फ्रिजवर एक मॅग्नेट दिसलं. इंग्रजीत लिहिलेलं, अर्थ असा की जे घर एकत्र प्रार्थना करतं ते घर एकत्र टिकतं. रात्री जेवणाआधी सगळे बसले, एक गीत झालं, मग तिचे बाबा दोन मिनिटं बोलले, मग आई. मी हात जोडून बसलो होतो आणि डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे हेच मला कळत नव्हतं. परत निघताना तिने विचारलं, "लग्नानंतर तू माझ्याबरोबर बसशील ना प्रार्थनेला?"

मी म्हटलं, "बघू." हे उत्तर किती वाईट आहे ते लग्न झालेल्यांना माहीत असेलच.

तर घरी आल्यावर मी जे नेहमी करतो ते केलं, म्हणजे वाचत बसलो. पहिली गंमत ही कळली की मॅग्नेटवरचं ते वाक्य बायबलमधलं नाहीच. ते 1947 सालचं आहे आणि अमेरिकेतल्या एका जाहिरात लिहिणाऱ्या माणसाचं आहे. त्याचं नाव अल स्कॅल्पोन. पॅट्रिक पेटन नावाचे मूळचे आयरिश असलेले कॅथलिक धर्मगुरू घराघरात रोज जपमाळेची प्रार्थना व्हावी म्हणून 1942 पासून मोहीम चालवत होते. त्यांच्या रेडिओ कार्यक्रमासाठी हे वाक्य तयार झालं आणि मग पंथाच्या भिंती ओलांडून जगभर स्टिकर, कॅलेंडर, मॅग्नेटवर गेलं. साबणासारखी टॅगलाइन. चांगली आहे, लक्षात राहते. पण टॅगलाइनमध्ये कारण आणि परिणाम एकदम सरळ रेषेत असतात. प्रार्थना करा, टिका. हिशोब संपला.

विषय मात्र फार जुना आहे. साधारण इसवी सन 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, टर्टुलियन नावाचा एक लॅटिन लेखक होता. स्वभावाने कडक, भांडखोर म्हणावा असा. त्याने आपल्या बायकोला उद्देशून दोन भागांचं एक लिखाण केलं. मुख्य मुद्दा काय, तर मी आधी मेलो तर तू पुन्हा लग्न करू नकोस. आणि केलंसच तर ख्रिस्ती माणसाशीच कर. (हो, मलाही वाचताना जरा टोचलं.) कारण म्हणून तो मिश्र घरातले रोजचे प्रसंग सांगतो. बायकोचा उपास असेल नेमक्या त्या दिवशी नवरा मेजवानी ठरवणार. ती रात्री प्रार्थनेला उठली तर त्याला वाटणार, ही काही जादूटोणा तर करत नाही ना? ईस्टरच्या आदल्या रात्री ती घराबाहेर राहणार, हे कुठला नवरा मुकाट्याने सोसेल?

आणि मग हा खडूस माणूस शेवटी एकदम हळवा होतो. नवरा-बायको दोघंही एकाच विश्वासाचे असले तर कसं असतं, याचं चित्र तो काढतो. एकत्र गुडघे टेकतात, एकत्र उपास करतात, एकमेकांना शिकवतात. लपवाछपवी नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोघं देवाची गीतं म्हणताना एकमेकांशी स्पर्धा करतात, कोण जास्त चांगलं गातं म्हणून!

ही स्पर्धेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कारण असं एक जोडपं आपल्याच मराठीत होऊन गेलं. फक्त त्यांची सुरुवात टर्टुलियनच्या सुंदर चित्रापासून नाही झाली. त्याने जी भीती घातली होती, तिथून झाली.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' शाळेत धड्यापुरती भेटली असेल तुम्हाला. ते आख्खं पुस्तक वाचा. हसून हसून पोट दुखेल आणि मधेच घशात आवंढा येईल.

लक्ष्मीबाई मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. 1880 साली, वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालं. शाळा नाहीच. आणि नवरा कोण, तर कवी, संस्कृतचा जाणकार, तापट, लहरी. पगार हातात आला तर तो घरी पोचेपर्यंत उरेल याची खात्री नाही. कधी न सांगता निघून जाईल तेही सांगता येत नाही. हे सगळं लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, कुठेही रडगाणं न गाता.

1893 मध्ये टिळक रेल्वेने राजनांदगावकडे जात होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला, गप्पा झाल्या, त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांनी ते पुस्तक वाचायला घेतलं आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला नव्हता. एका चित्पावन घरातली, विशी-पंचविशीतली बाई, पदरात लहान मुलगा दत्तू, आणि एके दिवशी नवरा जातीबाहेर. त्याच्या हातचं पाणी चालत नाही. त्याच्या घरी राहिली तर तीही बाटली. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहू लागल्या, पंढरपुरातही राहिल्या. चार-पाच वर्षं हा संसार दोन तुकड्यांत होता. तिकडे टिळक नगरला, मिशनच्या कामात. इकडे बायकोचं सोवळं आणि उपासतापास. दोघंही देवाला हाक मारत होते, आणि मला वाटतं दोघंही एकमेकांसाठीच. पण एकाच खोलीत बसून नाही.

आता एक कायद्याचा मुद्दा, कारण यामुळे गोष्टीचं वजन कळतं. 1866 साली ब्रिटिश सरकारने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि त्याच कारणाने जोडीदाराने सहा महिने सोबत राहायला नकार दिला, तर धर्मांतर केलेला माणूस कोर्टात जाऊ शकत होता. कोर्ट जोडीदाराला विचारणार, एक वर्षाची मुदत देणार, पुन्हा विचारणार, आणि तरीही नकारच असेल तर लग्न रद्द. दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे. यामागे बायबलचाही आधार घेतला जायचा. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला तयार असेल तर त्याला सोडू नका, पण तो स्वतःच निघून गेला तर जाऊ द्या.

म्हणजे टिळकांसमोर कायद्याचा दरवाजा उघडा होता आणि धर्मग्रंथाचाही. ते त्यातून गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, भेटायला जात राहिले. गिट वापरणाऱ्यांना एका शब्दात सांगतो: त्यांनी फोर्स पुश केला नाही.

मी टिळकांना हीरो करत नाहीये. मुळात घर मोडण्याची वेळ त्यांच्याच एकट्याने घेतलेल्या निर्णयामुळे आली होती, आणि किंमत मोजली ती बायकोने. पण थांबले हे खरं.

मग लक्ष्मीबाई नगरला आल्या. नवऱ्याजवळ आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. ख्रिस्ती नवरा एका बाजूला, सोवळ्यात स्वयंपाक करणारी बायको दुसऱ्या बाजूला, मधे मुलगा. टर्टुलियनने हे पाहिलं असतं तर डोकं धरून बसला असता. पण इथे नवऱ्याने तिचं सोवळं मोडलं नाही आणि तिने त्याची प्रार्थना अडवली नाही. पेत्राच्या पत्रात नवऱ्यांना एक सांगणं आहे: बायकोला मान देऊन वागा, नाहीतर तुमच्या प्रार्थनेत अडथळा येईल. म्हणजे प्रार्थना नीट व्हावी म्हणून आधी घरातलं वागणं नीट हवं. मॅग्नेटवरच्या वाक्याच्या बरोबर उलटा क्रम!

बदल झाला तो राहुरीला, आणि तो कुणाच्या प्रवचनाने झाला नाही. लक्ष्मीबाई एकट्याच विचार करत बसल्या: जात देवाने केली का? प्राण्यांच्या जाती बघितल्या की लगेच ओळखू येतात. माणसांत तसं वेगळेपण दिसतं ते फक्त बाई आणि पुरुष एवढंच. मग बाकीच्या भिंती माणसाने घातलेल्या असणार. झालं. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. लक्षात घ्या, ही बाई त्या घरातली, जिथे वस्तूसुद्धा धुऊन आत घ्यायचे. आधी जातीची भिंत पडली, ख्रिस्त नंतर आला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, दत्तूनेही.

त्यानंतर या घरात प्रार्थना एकत्र व्हायला लागली, आणि ती मराठी कानाला ओळखीची होती. टिळक म्हणायचे की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामांच्या पुलावरून. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली भाषांतरित गीतं त्यांना पटत नव्हती. अभंग, भजन, कीर्तन, ओवी हे सगळं त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं. त्यांची गीतं 'उपासना संगीत' या पुस्तकात आजही आहेत. माझ्या होणाऱ्या सासरी त्या रात्री म्हटलं गेलेलं गीतही त्यांचंच होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी डोळ्यांचं काय करायचं या विचारात होतो.

आणि लक्ष्मीबाई? त्याही कविता करायच्या, आणि पुढे कीर्तनंही करू लागल्या. जिला नवऱ्याने अक्षरं शिकवली, ती बाई त्याच्याच मैदानात उतरली. हीच ती स्पर्धा, आठवतेय ना? कार्थेजच्या त्या खडूस माणसाने अठराशे वर्षांपूर्वी लिहिलेली.

सगळं गोडीगुलाबीत चाललं असं नाही. टिळक टिळकच होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचं ठरवलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही ज्यात जागा आहे, असा ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा बंधुभाव. कल्पना मोठी. पण संसार असलेल्या माणसाने संन्यास घेतला की घर कुणी चालवायचं, हा प्रश्न पुन्हा बायकोच्याच पदरात.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत गेले. त्यांचं एक मोठं काम अर्धवट राहिलं होतं: 'ख्रिस्तायन', येशूचं चरित्र सांगणारं ओवीबद्ध महाकाव्य. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. 1936 साली त्या गेल्या. शेवटचा हात फिरवला तो मुलाने, त्याच दत्तूने.

चौसष्ट! हा आकडा वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दहा-अकरा अध्याय त्याचे, चौसष्ट तिचे. एकेकाळी ज्या देवाच्या नावाने हिचा संसार दुभंगला, त्याच देवाचं चरित्र ही विधवा बाई ओवीमागून ओवी रचत, नवऱ्याने सोडलेल्या जागेपासून पुढे नेते.

गेल्या रविवारी नगरला पुन्हा गेलो होतो. तिला ही सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मला हे लहानपणापासून माहितेय रे. तुझं उत्तर सांग."

मी सांगितलं की मी शेजारी बसेन. रोज. शब्द तुझे असतील, मला जे वाटत नाही ते मी म्हणणार नाही. आणि माझी आई संध्याकाळी दिवा लावते तेव्हा तूही जवळ थांबशील का, हे तू ठरव. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघू."

रात्री जेवणाआधी सगळे बसले. या वेळी गीताची चाल मला अर्धीअधिक येत होती. सासूबाईंनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि पान नंबर सांगितला.

'स्मृतिचित्रे' वाचलं असेल तर त्यातला तुमचा आवडता प्रसंग मला व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.