नाईलचे पाणी आणि कैरोची भाकरी

मृग जवळ आला की आपला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. ईजिप्तच्या शेतकऱ्याला आभाळाकडे पाहण्याचे कारणच नाही. कैरोला वर्षाकाठी पाऊस पडतो तो जेमतेम इंचभर. त्याचे सारे जीवित नाईल नदीवर अवलंबून. आणि तिचे बहुतेक पाणी येते दूर इथिओपियाच्या डोंगरांतून. पूर्वी उन्हाळ्याच्या अखेरीस नदीला पूर येई, शेतांवर गाळ पसरे आणि पाणी ओसरल्यावर पेरणी होई.

कैरोच्या रोडा बेटावर ८६१ साली बांधलेली एक खोल विहीर आजही पाहावयास मिळते. तिच्या मध्यभागी मापाच्या खुणा कोरलेला संगमरवरी खांब आहे. त्या खांबावर पाणी सोळा हात चढले म्हणजे सारा भरण्याइतके पीक येणार, असा हिशेब असे. दहाव्या शतकात अल-मुइझ या फातिमी खलिफाने सोळा हात पुरे होईपर्यंत पाण्याची वाढ जाहीर करण्यासच मनाई केली. पूर कमी आहे असा बोभाटा झाला की लोक धान्य दडवीत आणि पीक बुडण्यापूर्वीच भाव कडाडत. मोठा चाणाक्ष राजा म्हटला पाहिजे.

त्याच्याच वंशातील अल-मुस्तन्सिर याच्या कारकीर्दीत मात्र ही व्यवस्था पार कोसळली. १०५४ च्या सुमारास टंचाई पडली तेव्हा त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाकडे धान्य मागितले. बादशहाने ते कबूलही केले. परंतु तो वारला आणि गादीवर आलेल्या थिओडोरा राणीने धान्याच्या मोबदल्यात लष्करी मदतीचे वचन मागितले. खलिफाने नकार दिला व धान्य अडले. पुढे १०६५ पासून १०७२ पर्यंत जो दुष्काळ पडला, तो ईजिप्तच्या इतिहासातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक होय. नदीचा पूर कमी पडला हे खरे. पण त्याच वेळी तुर्की आणि सुदानी पलटणी आपसांत लढत होत्या. थकलेल्या पगारापोटी राजवाड्यातील रत्ने आणि ग्रंथसुद्धा लुटले गेले. बंडखोर सेनापतीने राजधानीकडे येणारे धान्य रोखून धरले. नदीला पाणी आले तरी निर्भयपणे नांगर धरावयास माणूस मिळेना. अखेर खलिफाने बद्र अल-जमाली या आर्मेनियन सरदारास बोलाविले. १०७४ च्या आरंभी तो कैरोत आला, त्याने बंडखोरांचा निष्ठुरपणे निकाल लावला, शेतकऱ्यांना तीन वर्षांचा सारा सोडला, आणि देश पुन्हा पिकू लागला. त्या क्रूर मनुष्याची तरफदारी मी करीत नाही. परंतु सात वर्षांच्या त्या उपासमारीचा दोष एकट्या नदीच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

१९७० साली आस्वानचे उंच धरण पुरे झाले आणि पुराची जुनी धास्ती गेली. मग संकट संपले काय? १९५९ च्या करारान्वये ईजिप्तच्या वाट्यास वर्षाला ५,५५० कोटी घनमीटर पाणी आले. १९६० साली देशाची वस्ती सुमारे २ कोटी ६० लाख होती, म्हणजे माणशी २,१०० घनमीटरांहून अधिक. २०२० साली वस्ती दहा कोटींवर गेली आणि वाटा उरला साडेपाचशेचा. बहुतेक भूमी वाळवंट, तेव्हा गहू परदेशातून आणावा लागतो. तो मुख्यतः रशिया व युक्रेन येथून येत असे. २०२२ साली त्या दोन देशांत युद्ध पेटले आणि कैरोच्या बाजारात महागाई भडकली. थिओडोरा राणीची आठवण अशा वेळी होते.

नदीच्या उगमाकडेही नवे प्रश्न उभे राहिले. इथिओपियाने २०११ मध्ये निळ्या नाईलवर आरंभिलेल्या प्रचंड धरणाचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. वीज त्यांनाही हवी आहे, त्यांचीही वस्ती दहा कोटींवर गेली आहे. पण पाणी किती व केव्हा सोडावे यासंबंधी बंधनकारक करार तोपर्यंत झालेला नव्हता.

ईजिप्तमध्ये रोटीला 'ऐश' म्हणतात. या अरबी शब्दाचा अर्थ जीवन. जानेवारी १९७७ मध्ये सादात सरकारने पीठ, तांदूळ, साखर इत्यादींवरील सवलत कमी करताच अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत दंगली उसळल्या, सत्तरांहून अधिक माणसे मेली आणि सरकारला दरवाढ मागे घ्यावी लागली. तेव्हापासून तेथील राज्यकर्ते सवलतीच्या रोटीस हात लावावयास कचरू लागले. १९८० नंतरच्या दशकापासून पाच पियास्त्रांवर रोखून धरलेली ती रोटी जून २०२४ मध्ये वीस पियास्त्रांची झाली.